आडव्या वाऱ्यात छोटं विमान कसं उतरवतात

सेसना १७२ हे चार आसनांचं विमान उतरायला येतं तेव्हा त्याचा वेग साधारण ६५ नॉट, म्हणजे ताशी १२० किलोमीटर असतो. मोठं प्रवासी जेट १४० नॉटच्या आसपास येतं. धावपट्टीला काटकोनात १२ नॉटचा वारा असेल, तर सरळ रेषेत येण्यासाठी जेटला नाक वाऱ्याकडे जेमतेम ५ अंश वळवावं लागतं. सेसनाला जवळजवळ ११ अंश. वारा तोच, पण विमान जितकं सावकाश तितका तो त्याला भारी पडतो. त्यात हे विमान वजनाने हलकं, त्यामुळे प्रत्येक झोताला ते लगेच हलतं. उड्डाण शिकणाऱ्यांना लँडिंगमधला हाच भाग सगळ्यात जास्त दिवस छळतो, आणि त्यामागे बहुतेक वेळा एक गैरसमज असतो.

गैरसमज असा, की बाजूचा वारा हवेतल्या विमानाला सतत ढकलत असतो आणि पायलटने त्याच्याशी झुंजायचं असतं. तसं नसतं. हवेत असलेलं विमान त्या हवेबरोबरच वाहत असतं. प्रवाहात नाव घालणारा नावाडी समोरच्या घाटावर पोचण्यासाठी नावेचं तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला ठेवतो, तसंच पायलट नाक थोडं वाऱ्याकडे ठेवून धावपट्टीच्या रेषेवर राहतो. याला क्रॅब म्हणतात. पंख समतल, पायांवर जोर नाही, विमान निवांत उडतंय. फक्त समोरच्या काचेतून धावपट्टी जरा बाजूला दिसते. हवेत असेपर्यंत यात काहीच अडचण नाही. अडचण चाकांची आहे. चाकं नाकाच्या दिशेनेच फिरतात. नाक ११ अंश डावीकडे आणि विमान जातंय धावपट्टीच्या दिशेने, अशा अवस्थेत चाकं टेकली तर टायर आडवे घासतात, लँडिंग गिअरवर बाजूचा जोर येतो आणि विमान हिसका मारून वळतं. म्हणजे टेकण्याच्या क्षणी दोन गोष्टी एकाच वेळी साधायला हव्यात: नाक धावपट्टीच्या रेषेत हवं आणि विमान बाजूला सरकता कामा नये. पुढचं सगळं या दोन वाक्यांभोवती फिरतं.

आधी आकडा काढा

वारा थेट काटकोनात क्वचितच येतो. त्यातला आडवा हिस्सा किती, ते आधी काढायचं असतं. धावपट्टीचा क्रमांक म्हणजे तिची चुंबकीय दिशा, शेवटचं शून्य काढून. २७ म्हणजे २७० अंश. वाऱ्याची दिशा आणि धावपट्टीची दिशा यांत ३० अंशांचा कोन असेल तर आडवा हिस्सा निम्मा, ४५ अंशांना सुमारे ७० टक्के, ६० अंशांना जवळपास ९० टक्के, आणि ९० अंशांना पूर्ण. हे चार आकडे पाठ असले की कॉकपिटमध्ये तक्ता उघडावा लागत नाही. हवामानाच्या लेखी अहवालात वाऱ्याची दिशा भौगोलिक उत्तरेवरून दिलेली असते, तर टॉवर (विमानतळाचा नियंत्रण कक्ष) ती चुंबकीय उत्तरेवरून सांगतो. महाराष्ट्रात या दोन उत्तरांमधला फरक जवळपास शून्य असल्याने इथे हिशेब बिघडत नाही. परदेशात उडवताना मात्र तो फरक पाहावाच लागतो.

समजा धावपट्टी २७ आहे आणि टॉवर म्हणाला, वारा २२० अंशांवरून १८ नॉट, झोत २६ नॉट. कोन ५० अंश, वारा डावीकडून. आडवा हिस्सा साधारण १४ नॉट, पण झोतात तो २० होतो. आता विमानाचं मॅन्युअल उघडा. सेसना १७२ एस च्या मॅन्युअलमध्ये थेट आडव्या वाऱ्यासाठी १५ नॉट हा आकडा आहे. त्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. इतक्या वाऱ्यात विमान उतरवून दाखवलं गेलं आहे, एवढंच तो सांगतो. पंधराच्या पुढे ते उतरूच शकत नाही असा नियम नाही. मॅन्युअल हेही सांगतं, की मर्यादा पायलटच्या कौशल्यावरही अवलंबून आहे. हा शेवटचा भागच लोक विसरतात. कंपनीचा चाचणी पायलट ज्या वाऱ्यात उतरला, त्या वाऱ्यात महिन्यातून एकदा उडणारा माणूस उतरेलच असं नाही. म्हणून हिशेब झोताचा आकडा घेऊन करावा, सरासरीचा नाही. वरच्या उदाहरणात आमचं उत्तर स्पष्ट आहे: दुसरी धावपट्टी किंवा दुसरा विमानतळ शोधा, नाहीतर इंधन पुरेसं असेल तर वारा पडेपर्यंत थांबा.

दुसऱ्या धावपट्टीचा फायदा मोठा असतो. मुंबईच्या मुख्य विमानतळावर ०९/२७ आणि १४/३२ या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. वारा दक्षिणेकडे कलला की कोनाचं गणित पालटतं. छोट्या धावपट्ट्यांवर हा पर्याय नसतो. एकच पट्टी, तीही बहुतेक वेळा जेमतेम ३० मीटर रुंद. म्हणजे मध्यरेषेपासून प्रत्येक बाजूला १५ मीटर. १२ नॉट म्हणजे सेकंदाला ६ मीटर. पूर्ण वेगाने सरकू लागलेलं विमान अडीच सेकंदांत कडेला पोचतं.

विंडसॉककडे, म्हणजे वारा दाखवणाऱ्या खांबावरच्या कापडी नळीकडे, शेवटपर्यंत नजर टाकत राहा. टॉवरने सांगितलेला वारा मिनिटभरापूर्वीचा असू शकतो, विंडसॉक आत्ताचा दाखवतो. साधारण १५ नॉटला तो पूर्ण आडवा होतो आणि त्यावर पाच पट्टे असतात, म्हणून ढोबळमानाने ताणलेला एक पट्टा म्हणजे ३ नॉट. पूर्ण आडवा झाल्यावर मात्र तो १५ आणि ३० मधला फरक सांगू शकत नाही.

बेसवरून फायनलला वळताना

उतरण्याआधी विमान धावपट्टीभोवती चौकोनी फेरी मारतं, तिला सर्किट म्हणतात. तिच्यातला धावपट्टीच्या रेषेकडे काटकोनात येणारा टप्पा म्हणजे बेस, आणि त्यानंतरचा धावपट्टीच्या रेषेतला शेवटचा टप्पा म्हणजे फायनल. खरा धोका धावपट्टीवर पोचण्याच्या आधीच सुरू होतो. आपल्या उदाहरणात डावा सर्किट (सगळी वळणं डावीकडे) असेल तर बेस लेग उत्तरेकडे उडायचा आणि वारा पाठीमागून. ७५ नॉटने उडणारं विमान जमिनीवरून ८९ नॉटने जातं. फायनलला वळायची वेळ नेहमीपेक्षा लवकर येते. पायलट उशिरा वळतो, विमान धावपट्टीची रेषा ओलांडून पलीकडे जातं, आणि मग ती परत गाठण्यासाठी तो जास्त कलतो. ४५ अंश कललेल्या वळणात, उंची टिकवली तर, स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंखांची उचल तुटते तो) १९ टक्के वाढतो, ६० अंशांत ४१ टक्के. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे खाली वळणारे पट्टे) न उघडता ४८ नॉटला स्टॉल होणारं विमान ६० अंशांना सुमारे ६८ नॉटला स्टॉल होईल, आणि फायनलचा वेग तेवढाच असतो. त्यात कल वाढवायची भीती वाटली म्हणून नाक फिरवायला आतल्या बाजूचा रडर (शेपटीवरचं उभं सुकाणू, ते पायांनी चालतं) दाबला, तर स्टॉल थेट स्पिनमध्ये जातो, म्हणजे विमान गरगरत खाली येतं. ५०० फुटांवर स्पिनमधून बाहेर यायला जागा नसते.

उपाय साधा आहे. वारा बेसवर पाठीमागून येणार हे आधीच ओळखा, वळण लवकर सुरू करा, आणि कल ३० अंशांच्या पुढे नेऊ नका. रेषा ओलांडली गेलीच तर ओलांडू द्या. पुन्हा वर जा.

फायनलवर

वेग आणि फ्लॅप आधी ठरवा. १७२ एस चं मॅन्युअल जोरदार आडव्या वाऱ्यात धावपट्टीच्या लांबीला पुरेसे असतील इतके कमीत कमी फ्लॅप वापरायला सांगतं. लांब पट्टी असेल तर १० किंवा २० अंश. कमी फ्लॅपमुळे वेग थोडा जास्त राहतो आणि त्या वेगाला रडर आणि एलेरॉन (पंखांच्या टोकाकडचे, विमान कलवणारे पट्टे) जास्त जोमाने काम करतात. झोत असतील तर सरासरी आणि झोत यांतल्या फरकाचा निम्मा भाग वेगात मिळवायचा. १८ आणि २६ असतील तर फरक ८, म्हणून ४ नॉट. त्यापेक्षा जास्त नाही. "वारा आहे, जरा जास्तच वेग ठेवू" हा विचार घातक आहे, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ६५ ऐवजी ७५ नॉटने आलात तर विमानात एक तृतीयांश ऊर्जा जास्त असते. ती संपेपर्यंत विमान धावपट्टीवर तरंगत राहतं, आणि तरंगणारा प्रत्येक सेकंद वाऱ्याला सरकवायला मिळतो.

फायनलवर यायच्या दोन पद्धती आहेत. एक म्हणजे खालपर्यंत क्रॅब ठेवायचा आणि टेकण्याच्या जरा आधी नाक सरळ करायचं. दुसरी म्हणजे एक पंख खाली ठेवायचा: वाऱ्याकडचा पंख एलेरॉनने खाली घ्यायचा आणि उलट बाजूच्या रडरने नाक धावपट्टीच्या रेषेत धरायचं. विमान वाऱ्याकडे घसरत राहतं, वारा त्याला तेवढंच उलट नेतो, आणि परिणामी ते मध्यरेषेवर राहतं. याला साइडस्लिप म्हणतात. १७२ साठी मॅन्युअल याच दुसऱ्या पद्धतीला प्राधान्य देतं. मात्र २० अंशांपेक्षा जास्त फ्लॅप आणि पूर्ण रडर असताना योक (हातातलं सुकाणू) किंचित हलल्यासारखा वाटू शकतो. त्याने ताबा जात नाही. जुन्या १७२ मध्ये फ्लॅप खाली असताना स्लिप टाळा अशी पाटीच असते, म्हणून ज्या विमानात बसला आहात त्याचंच मॅन्युअल वाचा.

बहुतेक अनुभवी पायलट दोन्हींची सांगड घालतात. फायनल क्रॅबमध्ये उडायचा, म्हणजे प्रवाशांना तिरकं बसावं लागत नाही, आणि साधारण २०० फुटांवर साइडस्लिपमध्ये यायचं. शिकणाऱ्याने यापेक्षाही आधी, ३०० फुटांच्या सुमारास यावं असं आमचं मत आहे. त्यामुळे हात-पाय जुळायला वेळ मिळतो, आणि एक अमूल्य परीक्षाही होते: रडर पूर्ण दाबूनही नाक रेषेत राहत नसेल, तर हा वारा या विमानाला त्या वेगाला झेपणारा नाही. हे ३०० फुटांवर कळणं आणि ३ फुटांवर कळणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हातापायांच्या कामाची वाटणी पक्की ठेवा. विमान बाजूला सरकतंय का, ते एलेरॉनने आवरायचं. नाक कुठे बघतंय, ते रडरने. वारा डावीकडून असेल तर योक डावीकडे, पाय उजवा. विमान उजवीकडे सरकतंय? डावा पंख अजून खाली, आणि त्यामुळे नाक डावीकडे वळू लागलं तर उजवा पाय अजून थोडा. डावीकडे सरकतंय? पंख थोडा वर. सरकणं थांबवायला रडर वापरणं ही नवशिक्यांची सगळ्यात सर्रास चूक आहे. नाक वळतं, विमान त्याच मार्गाने वाकडंच जात राहतं.

शेवटचे पन्नास फूट

जमिनीजवळ घर्षणामुळे वारा कमी होतो आणि त्याची दिशाही थोडी बदलते. म्हणजे १०० फुटांवर बसवलेला कल आणि रडर १० फुटांवर नेमका जुळणार नाही. तो सतत बदलत राहावा लागतो. वाऱ्याच्या बाजूला हँगर किंवा झाडांची रांग असेल तर तिच्या आडोशात वारा एकदम पडतो आणि ती संपली की एकदम अंगावर येतो. अशा जागा उतरण्याआधी डोळ्यांनी हेरून ठेवाव्यात.

फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी नाक वर घेणं, सुरू करताना नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे न्या. जवळच्या डांबराकडे बघितलं तर सरकणं कळतच नाही. थ्रॉटल (इंजिनची ताकद कमी-जास्त करणारी दांडी) हळूहळू मागे, नाक हळूहळू वर. वेग कमी होतो तसे एलेरॉन आणि रडर ढिले पडत जातात, म्हणून त्याच परिणामासाठी दोन्ही जास्त द्यावे लागतात. इथेच बरेच जण पंख समतल करतात, कारण एका चाकावर टेकणं चुकीचं वाटतं. चुकीचं नाही. डावीकडून वारा असेल तर आधी डावं मुख्य चाक टेकलं पाहिजे, मग उजवं, आणि सगळ्यात शेवटी नाकाचं. क्षणभर विमान एका चाकावर धावतं आणि तेच योग्य आहे.

शेवटपर्यंत क्रॅबमध्ये आला असाल तर नाक सरळ करण्याचा क्षण नेमका साधावा लागतो. उजवा रडर दाबला की नाक उजवीकडे येतं, पण डावा पंख पुढे सरसावतो, त्याला जास्त उचल मिळते आणि तो वर जायला बघतो. म्हणून त्याच क्षणी डावीकडे एलेरॉन हवा. नाक सरळ केल्यावर विमान जडत्वामुळे एक-दोन सेकंद रेषेवरच राहतं, मग सरकू लागतं. ते एक-दोन सेकंद संपायच्या आत चाकं टेकली पाहिजेत. लवकर सरळ केलं तर विमान वाऱ्यासोबत वाहतं, उशिरा केलं तर तिरकंच टेकतं.

टेकल्यावर काम संपत नाही, ते बदलतं. शेपटीचा उभा पंख वाऱ्यात वातकुक्कुटासारखा वागतो आणि नाक वाऱ्याकडे फिरवायला बघतो. ते रडरने आवरायचं. एलेरॉन मात्र सोडायचा नाही. वेग जसजसा कमी होईल तसतसा तो वाऱ्याकडे वाढवत न्यायचा, विमान थांबेपर्यंत अगदी पूर्ण. लँडिंग छान झालं या समाधानात योक सरळ केला, की पुढचा झोत वाऱ्याकडचा पंख उचलतो आणि विमान कडेला जातं. नाकाचं चाक आपणहून खाली येऊ द्या. जास्त वेगात टेकून योक पुढे ढकलला तर सगळा भार नाकाच्या चाकावर येतो, मुख्य चाकं हलकी होतात आणि विमान त्या एका चाकाभोवती फिरतं. विमान कोणतं यालाही इथे महत्त्व आहे. १७२ मध्ये नाकाचं चाक हवेत असताना सरळच राहतं. पायपर चेरोकीमध्ये ते पेडल्सना थेट जोडलेलं असल्याने हवेतही वळतं. तिथे ते टेकण्याआधी रडर मध्यावर आणला नाही, तर टेकताच विमान झटक्याने वळतं.

शेपटीला चाक असलेली विमानं याहून कठोर असतात. नाकाला चाक असलेल्या विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असतो, त्यामुळे थोडं तिरकं टेकलं तरी ते आपणहून सरळ व्हायला बघतं. शेपटीच्या चाकाच्या विमानात तो मुख्य चाकांच्या मागे असतो. तिरकं टेकलं की मागचा भार पुढे यायला बघतो आणि विमान गोल फिरतं. या विमानांवर रडरवरचं लक्ष एक क्षणही हटवता येत नाही.

टॅक्सी करतानाही, म्हणजे जमिनीवर विमान चालवतानाही, एलेरॉनला विसरू नका. वारा समोरच्या बाजूने तिरका असेल तर योक वाऱ्याकडे. मागून तिरका असेल तर योक वाऱ्याच्या उलट बाजूला आणि पुढे. इंजिन बंद करून दोर बांधेपर्यंत वरच्या पंखाच्या विमानाला वाऱ्याचा धोका असतोच.

पुन्हा वर जाणं

१० फुटांवर विमान सरकतंय आणि आवरत नाही, टेकून उडी मारली, मध्यरेषा सुटली, किंवा अचानक झोताने वर उचललं: या सगळ्यांचं उत्तर एकच, थ्रॉटल पूर्ण पुढे. उतरण्यासाठी नाक वर राहील असं ट्रिम केलेलं, म्हणजे योकवरचा जोर कमी करायला आधीच जुळवलेलं विमान पूर्ण ताकद मिळाल्यावर नाक वर घेतं, म्हणून योक पुढे धरावा लागतो. इंजिनच्या जोराने नाक डावीकडे जातं, म्हणून उजवा पाय. पूर्ण फ्लॅप असतील तर १७२ जेमतेम चढतं. लगेच २० अंशांवर घ्या, ६० नॉट धरा, अडथळे मागे पडल्यावर आणि वेग वाढल्यावर बाकीचे. आधी पंख समतल करा आणि क्रॅब ठेवा, नाहीतर धावपट्टीवरून बाजूच्या हँगरकडे जाल. हे सगळं आधी ठरवून ठेवलेलं असावं लागतं, कारण जमिनीजवळ विचार करायला वेळ नसतो. दोनदा वर जावं लागलं तर तिसऱ्यांदा प्रयत्न करण्याआधी दुसऱ्या विमानतळाचा निर्णय घ्या.

दख्खनच्या पठारावर मार्च ते मे दुपारी डांबर तापून उष्ण हवेचे स्तंभ उठतात. वारा सरासरीने कमी दिसला तरी दिशा मिनिटागणिक बदलते. तेच लँडिंग सकाळी साडेसातला साधं असतं. वळवाच्या वादळाच्या पुढे धावणारा वारा काही मिनिटांत दिशा बदलून दुप्पट होऊ शकतो, ढग लांब दिसत असले तरी. धुळीचा पट्टा सरकताना दिसला तर उतरण्याची घाई करू नका. जूननंतर पश्चिम आणि नैऋत्येचा वारा तासन्तास एकसारखा वाहतो, आणि सरावाला तो मोलाचा असतो.

सराव असा करा. ८ ते १० नॉटचा एकसारखा आडवा वारा असलेला दिवस निवडा, शेजारी प्रशिक्षक असू द्या. लांब धावपट्टी घ्या, पण उतरू नका. थोडी ताकद ठेवून जमिनीपासून पाच-सहा फूट वर, पंख खाली आणि नाक रेषेत ठेवून पट्टीच्या पूर्ण लांबीने उडा आणि शेवटी वर जा. एका फेरीत अर्धं मिनिट तरी हात-पाय त्याच कामात असतात. खऱ्या लँडिंगमध्ये तेवढ्यासाठी पाच-सहा सेकंदच मिळतात. मग मध्यरेषेच्या डावीकडे मुद्दाम सरका, तिथे थांबा, परत या, उजवीकडे जा. सरकवणारा हात आणि नाक धरणारा पाय वेगळे झाले की टेकवायला सुरुवात करा. फ्लाइंग स्कूलं एकट्याने उडणाऱ्या विद्यार्थ्यासाठी मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा बरीच कमी मर्यादा ठेवतात. परवाना मिळाल्यावरही स्वतःची मर्यादा कागदावर लिहून ठेवा, आणि प्रशिक्षकासोबत जास्त वाऱ्यात उतरून आल्यावरच ती एकेका नॉटने वाढवा.